एका शहराच्या दोन टीम आणि पाच हंगाम

(खामगाव इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



विषय ऐकून तुमच्यापैकी काही जणांच्या मनात आलं असेल की, पुणे इथून चारशेहून जास्त किलोमीटर, आणि ज्या टीमबद्दल हे गृहस्थ बोलणार ती तर केव्हाच बंद पडली. मग खामगावात त्याचं काय? मी हा विषय मुद्दाम घेतला. चालू असलेल्या टीमबद्दल बोलायला रोज टीव्ही आहेच. बंद पडलेल्या टीमचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. आणि खामगाव हे कापसाचं आणि चांदीचं गाव आहे. वस्तूचा भाव एक, तिचं वजन वेगळं आणि तिचा कस आणखी वेगळा, हे तुम्हाला शिकवायची गरज नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. चालू लीगमध्ये नंतर घेतलेली टीम म्हणजे नवी टीम, आणि ती लीगच्या पहिल्या दिवसापासून असलेल्या टीमपेक्षा फार वेगळी असते. पहिल्या दिवशी सगळेच कोरे असतात. नवी टीम येते तेव्हा जुन्यांचे संसार मांडून झालेले असतात. चांगले खेळाडू वाटून गेलेले असतात, मैदानं ठरलेली असतात, लोकांनी आपापले रंग निवडलेले असतात. म्हणजे पंगत अर्धी उठल्यावर आलेला पाहुणा. त्याच्या पानात काय पडणार, हे आधी बसलेल्यांनी काय शिल्लक ठेवलं त्यावर ठरतं.

अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या लीगमध्ये याची दोन टोकं बघायला मिळतात. १९७४ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्स ही नवी टीम आली. जुन्यांनी तिला जे खेळाडू दिले, ते त्यांना स्वतःला नको असलेले. त्या टीमने पहिल्या हंगामात ८० सामन्यांपैकी फक्त ८ जिंकले. २०१७ मध्ये लास वेगासला नवी टीम मिळाली तेव्हा मालकाने ५० कोटी डॉलर मोजले होते. एवढे पैसे घेतल्यावर लीगने नियम बदलले. प्रत्येक जुन्या टीमला ठरावीकच खेळाडू राखून ठेवता येतील, उरलेल्यांतून नवी टीम प्रत्येकाकडून एक उचलेल. ही टीम पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत गेली आणि तिथे हरली ती याच वॉशिंग्टनकडून. खेळ तोच आणि बर्फही तोच. फरक होता तो पान वाढण्याच्या नियमात.

आता पुण्याकडे येऊ.

आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा आठ टीम विकल्या गेल्या. सगळ्यात महाग मुंबई, सुमारे ११ कोटी १९ लाख डॉलर. सगळ्यात स्वस्त राजस्थान, ६ कोटी ७० लाख. आठही मिळून बहात्तर कोटी डॉलरच्या थोडं वर. दोन वर्षांनी, २१ मार्च २०१० ला चेन्नईत आणखी दोन टीमच्या बोली उघडल्या. सहाराने पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर लावले, त्या वेळच्या हिशेबाने सुमारे १,७०२ कोटी रुपये. कोची गेलं ३३ कोटी ३३ लाखांना. म्हणजे एकट्या पुण्याची किंमत पहिल्या आठ टीमच्या एकत्रित किमतीच्या निम्म्याहून जास्त.

एवढे पैसे कुठल्या हिशेबावर लावले? दहा टीम झाल्या की सामने ९४ होतील, असं धरून. सामने जास्त म्हणजे प्रक्षेपणाचा आणि तिकिटांचा पैसा जास्त. प्रत्यक्षात मंडळाने सामने आणले ७४ वर. प्रत्येक टीमला १८ ऐवजी १४ साखळी सामने. दर वर्षीची फी मात्र तीच, सुमारे १७० कोटी. सहारा आणि क्रिकेट मंडळ यांच्यातल्या भांडणाचं मूळ इथे आहे, आणि ते पहिला चेंडू पडायच्या आधीच रुजलं होतं. शेत घेताना सातबाऱ्यावर एक क्षेत्र दिसावं आणि मोजणीला कमी भरावं, तसं. मोजणी आधी का करून घेतली नाही, असं मालकालाही विचारता येईल. मला विचाराल तर चूक दोघांची.

खेळाडूंचं काय झालं? जानेवारी २०११ मध्ये बंगळुरूला मोठा लिलाव झाला. जुन्या टीमना चार-चार खेळाडू राखता येत होते. सगळ्यांनी मिळून १२ राखले, त्यातले आठ फक्त मुंबई आणि चेन्नईचे. सचिन, धोनी, कोहली, सेहवाग बाजारात आलेच नाहीत. पुण्याने रॉबिन उथप्पाला २१ लाख डॉलरना आणि युवराज सिंगला १८ लाखांना घेतलं. पुढे अँजेलो मॅथ्यूज, आशिष नेहरा, ग्रॅम स्मिथ वगैरे. नावं वाईट नव्हती. टीमचं नाव पडलं पुणे वॉरियर्स इंडिया.

घरचं मैदान मात्र पुण्यात नव्हतं. गहुंजेचं स्टेडियम बांधून व्हायचं होतं, म्हणून पहिल्या वर्षीचे पुण्याचे घरचे सामने नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर झाले. म्हणजे मुंबईच्या उंबऱ्यावर. डेक्कनवरून सामना बघायला घाट उतरून जायचं आणि रात्री परत चढायचा. लोकांशी नातं जोडायचं ते पहिलंच वर्ष असं गेलं.

तरी सुरुवात झकास झाली. विश्वचषक जिंकून आठवडाच झाला होता, युवराज त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू आणि इथे कर्णधार. पहिले दोन सामने जिंकले, पंजाब आणि कोचीविरुद्ध. मग ओळीने सात हरले. नेहरा जायबंदी, म्हणून लिलावात कुणी न घेतलेल्या सौरव गांगुलीला मधेच बोलावलं. लेगस्पिनर राहुल शर्माने १६ बळी घेतले आणि फार थोड्या धावा दिल्या, तो एक नवा चेहरा मिळाला. १४ पैकी ४ विजय, ९ पराभव, एक सामना पावसात. दहांत नववा नंबर.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोचीची टीम मंडळाने बँक हमीच्या कारणावरून रद्द केली. एका हंगामात खेळ खलास. पुण्याच्या लोकांनी ती बातमी नीट वाचायला हवी होती.

दुसरा हंगाम, २०१२. युवराजला कर्करोग झाल्याचं कळलं आणि तो उपचारांसाठी अमेरिकेला गेला. त्याच्यावर खर्च झालेली रक्कम आम्हाला लिलावात वापरू द्या, ही सहाराची मागणी होती. मंडळाने नियमावर बोट ठेवलं. ४ फेब्रुवारीला, ऐन लिलावाच्या सकाळी, सहाराने भारतीय संघाचं प्रायोजकत्व आणि पुण्याची टीम दोन्ही सोडत असल्याचं जाहीर केलं. लिलाव झाला आणि पुण्याची खुर्ची रिकामी राहिली. पुढे दोनेक आठवड्यांत समेट झाला, पण बाजार उठून गेला होता. कर्णधार झाला गांगुली.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला गहुंजेचं स्टेडियम सुरू झालं, सुब्रत रॉय सहारा यांच्या नावाने. द्रुतगती मार्गावरून जाताना दिसतं बघा ते, डोंगराच्या कुशीत, कटोऱ्यासारखं. पहिल्या सामन्यात पुण्याने वानखेडेवर १२९ धावा करून मुंबईला १०१ वर रोखलं. दोन दिवसांनी गहुंजेला पंजाबला हरवलं. मग चेन्नईला आणि दिल्लीलाही. सात सामन्यांत चार विजय! पुण्यात तेव्हा लोक खरंच बोलायला लागले होते. म्हणजे पुणेकर जेवढं कौतुक करतो तेवढं, 'बरं खेळतायत' इथपर्यंत.

तिथून पुढे ओळीने नऊ पराभव. त्यातला एक ५ मे चा, ईडन गार्डन्सवर. गांगुली कोलकात्यात कोलकात्याविरुद्ध उतरला आणि निम्मं मैदान पाहुण्या टीमच्या बाजूने होतं. पुणं सात धावांनी हरलं. मला हा सामना नेहमी बोलका वाटतो. पुण्याच्या टीमसाठी सगळ्यात जास्त आरोळ्या उठल्या त्या कोलकात्यात, आणि त्या टीमसाठी नव्हत्याच, दादासाठी होत्या. शेवटी १६ पैकी ४ विजय, नऊ टीममध्ये नववा नंबर.

तिसरा हंगाम, २०१३. युवराज बरा होऊन परत आला ही आनंदाची गोष्ट. प्रशिक्षक ॲलन डोनाल्ड. कर्णधार किती? आधी मॅथ्यूज, मग रॉस टेलर, मग ॲरन फिंच. त्यात त्या वर्षी श्रीलंकेच्या खेळाडूंना चेन्नईत खेळता येणार नव्हतं, म्हणजे श्रीलंकेचा कर्णधार नेमलात तर एका सामन्यात तो बाहेरच बसणार, हे आधीपासून माहीत. गंमत म्हणजे तो चेन्नईतला सामना पुण्याने जिंकला!

आणि २३ एप्रिल, बंगळुरू. ख्रिस गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ केल्या. शतक ३० चेंडूंत, षटकार १७. बंगळुरूच्या ५ बाद २६३, पुण्याच्या ९ बाद १३३. वॉरियर्सचं नाव आजही निघतं ते बहुतेक या सामन्यामुळे, समोर कोण होतं या प्रश्नाचं उत्तर म्हणून. त्या वर्षीही ओळीने नऊ पराभव झाले. पण शेवटचे दोन सामने जिंकले: रांचीत कोलकात्याला आणि १९ मे ला गहुंजेला दिल्लीला हरवलं. पुन्हा १६ पैकी ४. आठवा नंबर.

तीन वर्षं, दर वर्षी बरोबर चार विजय. एकूण ४६ सामने, १२ विजय, ३३ पराभव.

त्या शेवटच्या विजयानंतर दोनच दिवसांनी फीच्या वादात मंडळाने सहाराची बँक हमी वठवली, आणि सहाराने टीम सोडल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये मंडळाने करार अधिकृतपणे रद्द केला. स्टेडियमवरचं नावही पैशांच्या वादातूनच उतरलं. आता ते महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम म्हणून ओळखलं जातं.

इथे थांबून एक बघा. या सगळ्यात प्रेक्षक कुठे होता? करार मंडळ आणि मालक यांच्यातला, हमी बँकेची. ज्याने निळा शर्ट विकत घेतला, पोराला खांद्यावर बसवून गहुंजेला नेलं, त्याची सही कुठेच नव्हती. टीम शहराच्या नावाने विकली जाते, पण शहराला त्यात एक पैचाही हक्क नसतो. जर्मनीत फुटबॉल क्लबांसाठी, काही अपवाद सोडले तर, निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच राहावीत असा नियम आहे. आपल्याकडे दूध संघ आणि साखर कारखाने सभासदांचे होऊ शकले, क्रिकेटची टीम तशी असू शकते असा विचारही कुणी केला नाही. सहकाराचे सगळेच अनुभव गोड आहेत असं मी म्हणणार नाही, हसू नका! पण निदान वार्षिक सभेत उभं राहून ओरडता येतं.

दुसरी टीम आली ती मागच्या दाराने. सट्टेबाजीच्या प्रकरणात लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान यांना दोन वर्षांसाठी बाहेर काढलं. ती जागा भरायला दोन टीम हव्या होत्या, दोनच वर्षांसाठी. लिलाव उलटा झाला: मंडळाकडून कमीत कमी पैसे कोण घेईल? संजीव गोयंका यांच्या कंपनीने पुण्यासाठी उणे १६ कोटींची बोली लावली. म्हणजे घेणं राहू द्या, उलट मीच वर्षाला १६ कोटी देतो. टीमचं नाव रायझिंग पुणे सुपरजायंट्स. खेळाडू मात्र या वेळी पहिल्याच पंगतीतले मिळाले, कारण दोन घरं मोडली होती. धोनी, रहाणे, अश्विन, स्टीव्ह स्मिथ, ड्यू प्लेसी.

२०१६ चा हंगाम. पहिल्या सामन्यात वानखेडेवर मुंबईला नऊ विकेट राखून हरवलं. आणि मग तो उन्हाळा. तो तुम्हाला मी काय सांगणार? १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. मैदानांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, हा आकडा त्या वेळी गाजला. मुंबई, पुणे आणि आपलं नागपूर, तिन्ही ठिकाणचे सामने गेले. १ मे च्या पुण्यातल्या सामन्याला तेवढी सवलत मिळाली.

यावर तेव्हाही दोन तट होते. पिण्याचं पाणी नाही आणि हिरवळीवर फवारे, हे डोळ्यांना सहन होणारं नव्हतं. दुसरी बाजू म्हणायची, सामने हलवल्याने लातूरच्या कुठल्या हंड्यात एक तांब्या जास्त पडला? दोन्ही म्हणणी खरी आहेत. माझं मत विचाराल तर न्यायालयाने पाण्यापेक्षा प्राधान्यावर बोट ठेवलं, आणि ते ठेवायलाच हवं होतं. फक्त एक मनात राहतं. फवारे बंद झाल्याचं टीव्हीवर दिसलं, पण इतर कुठे-कुठे पाणी किती जातं याचा हिशेब त्यानंतर कुणी तेवढ्या आवाजात मागितला नाही.

पुण्याची टीम गेली विशाखापट्टणमला. पहिल्या टीमचं घर पहिल्या वर्षी नवी मुंबईत, दुसरीचं अर्धं आंध्रात. पीटरसन, ड्यू प्लेसी, स्मिथ, मिचेल मार्श चौघेही दुखापतींनी परतले. ॲडम झॅम्पाने हैदराबादविरुद्ध १९ धावांत ६ बळी घेतले आणि टीम तो सामना चार धावांनी हरली, यावरून काय ते समजा. शेवटच्या सामन्यात शेवटच्या ओव्हरला २३ हव्या होत्या, धोनीने शेवटच्या चेंडूवर षटकार मारून काढून दिल्या. पुण्याच्या टीमचा सगळ्यात गाजलेला विजय, आणि झाला विशाखापट्टणमला. १४ पैकी ५ विजय, सातवा नंबर.

२०१७ साठी नावातला शेवटचा 'ट्स' काढून 'ट' ठेवला, सुपरजायंट. धोनीऐवजी स्मिथ कर्णधार, त्यावर रण माजलं. बेन स्टोक्सला साडेचौदा कोटी, आणि त्याने ते फेडलेही. पण मला जास्त मोलाचा वाटतो तो राहुल त्रिपाठी. महाराष्ट्राकडून खेळणारा मुलगा, दहा लाखांना घेतलेला, सलामीला येऊन ३९१ धावा करून गेला. जयदेव उनाडकटने २४ बळी घेतले. अश्विन जायबंदी, म्हणून १७ वर्षांचा वॉशिंग्टन सुंदर आला. नऊ विजय, दुसरा नंबर. मुंबईला साखळीत दोनदा आणि बाद फेरीत वानखेडेवर पुन्हा हरवलं.

२१ मे, हैदराबाद, अंतिम सामना, समोर पुन्हा मुंबई. मुंबई १२९. पुण्याचा रहाणे ४४, स्मिथ ५१. शेवटच्या षटकात ११ हव्यात, चेंडू मिचेल जॉन्सनच्या हातात. पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीचा चौकार. आता पाच चेंडूंत सात! दुसऱ्यावर तिवारी झेलबाद. तिसऱ्यावर स्मिथ झेलबाद. चौथ्यावर एक बाय. पाचव्यावर दोन. शेवटच्या चेंडूला चार हव्या होत्या, दोन झाल्या, तिसरी पळताना धावबाद. १२८. एका धावेने गेलं.

आणि ही टीमची शेवटची धाव होती. हरली म्हणून नव्हे, जिंकली असती तरी. दोन वर्षांचा करार संपला होता, चेन्नई आणि राजस्थान परत येणार होते. चषक हातात घेऊनही ती टीम दुसऱ्या दिवशी उरली नसती. २०२२ मध्ये पुन्हा दोन नव्या टीम आल्या, तेव्हा मंडळाने लिलावाआधी तीन-तीन खेळाडू निवडू दिले. गुजरात टायटन्सने हार्दिक पंड्या, राशिद खान आणि शुभमन गिल उचलले आणि पहिल्याच वर्षी अजिंक्यपद जिंकलं. दुसरी टीम घेतली त्याच गोयंकांनी, ७,०९० कोटींना. नाव सुपरजायंट्सच ठेवलं, शहर मात्र लखनौ. म्हणजे नाव मालकाबरोबर गेलं, पुणं तिथेच राहिलं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, पुण्यात मग लोकांचा पाठिंबाच कमी पडला असं नाही का?

उत्तर: पाठिंब्याला वेळ लागतो. एकूण पाच हंगाम, दोन वेगळ्या टीम, मधे दोन वर्षांची फट. गांगुली, मॅथ्यूज, फिंच, धोनी, स्मिथ असे कर्णधार बदलत गेले. माणूस माया लावणार कुणाला? पुणेकर बाकी थंड असतो ते मान्य, पण पुणेरी पलटण बघा. कबड्डीची टीम, पहिल्या दोन हंगामांत तळाला होती. पण ती बंद पडली नाही. दहाव्या हंगामात, मार्च २०२४ मध्ये, अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली हरियाणाला २८-२५ ने हरवून जिंकली. त्याला दहा वर्षं मिळाली, वॉरियर्सना तीन मिळाली.

प्रश्न: आणि विदर्भाची टीम कधी येणार?

उत्तर: (हसून) आयपीएलची म्हणताय? २०१० मध्ये हैदराबादची टीम तिकडच्या आंदोलनामुळे काही सामने नागपूरला खेळून गेली, २०१६ मध्ये पंजाबची यायची होती तर दुष्काळ आडवा आला. आपल्याकडे अजून पाहुणेच आलेत. पण विदर्भाची टीम आहे की! १९५७ पासून रणजी खेळतेय. साठ वर्षं कुणी विचारलं नाही. पुण्याची टीम संपली त्याच वर्षीच्या हिवाळ्यात फैझ फझलच्या विदर्भाने इंदूरला दिल्लीला हरवून रणजी करंडक आणला, पुढच्या वर्षी पुन्हा आणला, २०२५ मध्ये तिसऱ्यांदा. पुढच्या हंगामात जामठ्याला रणजीचा सामना असेल तेव्हा जाऊन बघा. बसायला जागा हमखास मिळेल.